खुणेचा दिवा आणि त्याचा रोधक
(शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात केलेले भाषण)



आज मी निवडलेला विषय नखाएवढ्या वस्तूचा आहे. चार्जर, रेडिओ, सौर दिव्याची पेटी यांवर वीज चालू असल्याची खूण म्हणून एक इवलासा तांबडा किंवा हिरवा दिवा असतो. त्याला आपण एलईडी म्हणतो. त्याच्या जोडीला लावावयाचा रोधक, म्हणजे बाजारातील रेझिस्टर, कसा निवडावा, हे मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. एका शाळेसाठी मी बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी दिव्यांची पेटी तयार केली होती. खुणेच्या दिव्यासाठी हाताशी होता तो २२० ओहमचा रोधक मी लावला. दिवा झकास पेटला. मुले खूष झाली, मीही झालो. काही आठवड्यांनी पेटी दुरुस्तीसाठी उघडली, तेव्हा तो दिवा विझलेला होता. अर्थात कळ बंद आहे असे समजून मी दोन्ही तारा एकदम पकडीत धरून तोडल्या. मोठी ठिणगी उडाली आणि पकडीच्या धारेला खाच पडली. वीज चालूच होती. मेला होता तो दिवा. शेजारी मुले उभी होती. त्या दिवशी मी हिशेब करून पाहिला. तो आधी केला असता, तर हा प्रसंग आलाच नसता.

तो हिशेब समजण्यासाठी एलईडीचा स्वभाव जाणला पाहिजे. त्याला ठराविक दाब मिळेपर्यंत त्यातून जवळजवळ काहीच प्रवाह वाहत नाही. तो दाब ओलांडला, की किंचित वाढीनेही प्रवाह अनेक पटींनी वाढतो. बांधावरून पाणी एकदा वाहू लागले, की बोटभर पातळी चढली तरी लोंढा कितीतरी मोठा होतो, तसेच हे आहे. तांबड्या एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात, पांढऱ्या व निळ्याला सुमारे ३. उरलेला दाब दुसऱ्या कोणीतरी आपल्या अंगावर घ्यावा लागतो. तो घेतो रोधक.

म्हणून कृती दोनच पायऱ्यांची आहे: आधी वजाबाकी, मग भागाकार. बॅटरीच्या दाबातून दिव्याचा दाब वजा करावा. उरलेल्या दाबाला आपणांस हव्या असलेल्या प्रवाहाने भागावे. प्रवाह मिलिअँपिअरमध्ये घेतल्यास उत्तराला हजाराने गुणावे, म्हणजे ओहम मिळतात. ज्या नियमावर हा भागाकार उभा आहे, तो गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. ते जर्मनीतील कलोन येथे शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असत, आणि तेथील शाळेच्या प्रयोगशाळेतच त्यांनी आपले प्रयोग केले. आपल्या व्यवसायाला याचा अभिमान वाटावा.

आता माझी चूक तपासू. १२ मधून २ गेले, राहिले १०. १० भागिले २२० म्हणजे सुमारे ४५ मिलिअँपिअर. असल्या लहान एलईडीची मर्यादा सामान्यतः २० मिलिअँपिअरची असते. दुपटीहून अधिक ओझे मी त्या बिचाऱ्यावर लादले होते. वास्तविक खोलीतील खुणेच्या दिव्याला ५ मिलिअँपिअर पुरेसे होतात.

योग्य निवड अशी. बारा व्होल्टची शिशाची बॅटरी भरली जात असताना तिचा दाब १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. म्हणून हिशेब नेहमी सर्वांत मोठ्या दाबाने करावा. १४.४ वजा २ म्हणजे १२.४, भागिले ५, गुणिले १०००: उत्तर २४८० ओहम. बाजारात प्रचलित मालिकेतील ठराविक किंमतीच सहज मिळतात. २२०० नंतर २७०० येते. अशा वेळी वरची किंमत घ्यावी. उजेड किंचित कमी पडेल, पण दिवा टिकेल. २७०० ओहमच्या रोधकावर तांबडा, जांभळा, तांबडा असे पट्टे असतात. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीसाठी याच रीतीने १४०० ओहम येतात, म्हणून १५०० चा घ्यावा. पाच व्होल्टच्या चार्जरसाठी ६०० येतात. तेथे ६८० चा घ्यावा.

रोधक तापतो किती, हेही पाहावे. १२.४ व्होल्ट गुणिले सुमारे ४.६ मिलिअँपिअर म्हणजे ०.०६ वॅटहूनही कमी. पाव वॅटचा साधा रोधक हे सहज सोसतो. माझ्या २२० ओहमच्या रोधकावर मात्र जवळजवळ अर्धा वॅट पडत होता.

हा पाठ सातवीच्या वर्गात अवश्य घ्यावा. मुलांनी आधी पाटीवर हिशेब करावा, मग बॅटरी जोडावी. एलईडीचा लांब पाय धन बाजूस जोडावयाचा, हे त्यांना दाखवावे. उलट जोडला तर तो पेटणार नाही. तोही एक धडाच आहे.

परंतु एक मर्यादा कधीही ओलांडू नये. घरातील २३० व्होल्टच्या विजेवर हा प्रयोग शाळेत मुळीच करू नये. ती प्रत्यावर्ती वीज आहे. तिचा दाब क्षणोक्षणी ३२५ व्होल्टपर्यंत चढतो आणि दिशाही बदलतो. उलट दिशेचा दाब एलईडीला फारसा सोसत नाही, आणि त्या जोडणीची प्रत्येक उघडी तार प्राणघातक असते. तेथे तयार, बंदिस्त असा खुणेचा दिवा जाणत्या तारतंत्र्याकडूनच बसवून घ्यावा.

शेवटी, पकडीवरील त्या खाचेने मला शिकविलेले सांगतो. पेटलेला दिवा वीज आहे हे सांगतो. विझलेला दिवा वीज नाही हे सांगत नाही. म्हणून तारेला हात लावण्यापूर्वी बॅटरी सोडवावी व मीटरने खात्री करावी. खुणेचा दिवा हा साक्षीदार आहे. योग्य रोधकाने तो दीर्घकाळ टिकतो. तथापि एकट्या साक्षीदारावर विसंबून निकाल देऊ नये, ही सवय आपल्या मुलांना आपणच लावली पाहिजे.