बदललेल्या इंजिनाची जीप आणि लांबचा प्रवास

विलिस जीपचें मूळ इंजिन पेट्रोलवर चालणारें, सुमारें २.२ लिटरचें व ६० अश्वशक्तीचें होतें. पुढें काटकसर म्हणून आपल्याकडील अनेक मालकांनीं तें उतरवून त्या जागीं डिझेल इंजिन बसविलें. अशा जुन्या जीप आजही कित्येक हौशी गृहस्थांच्या दारीं उभ्या आहेत. गांवांत त्या निमूटपणें चालतात. पण मुलेंमाणसें बसवून घाट ओलांडावयाचा, तर नुसतें चालणें पुरत नाहीं.

प्रथम वेगाचा हिशोब पाहूं. अनेक जुन्या जीपच्या क्राउन-पिनियनचें प्रमाण ५.३८ असतें, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास शाफ्टचे ५.३८ फेरे होतात. चाक एका फेऱ्यांत २.२ मीटर जातें असें धरल्यास, वरच्या गिअरमध्यें ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटास सुमारें २,४५० फेरे घेतें. ८० ला ३,२५० च्या पुढें जातें. ज्या डिझेलची ताकद ३,००० च्या आंतच संपते, त्याला ८० नें पळविणें म्हणजे बैलाकडून घोड्याचें काम घेणें होय. तेव्हां वेग तरी आवरावा, नाहीं तर क्राउन-पिनियन बदलावें. मात्र पुढचें व मागचें प्रमाण एकच हवें; तसें नसल्यास कठीण रस्त्यावर चारही चाकांस जोर देतांच सर्व दांतेचक्रांवर भलता ताण येतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढविलें कीं गाडी तरतरीत वाटते. पण चढावर मागें काळा धूर निघूं लागला, तर जादा डिझेल पुरतें न जळतां काजळी होऊन बाहेर जात आहे व इंजिन तापत आहे, असें समजावें. धूर थांबेपर्यंत स्क्रू मागें घ्यावा. नवें इंजिन थोडें खालीं बसलें असल्यास पंखा रेडिएटरच्या मध्यावर येत नाहीं. तेथें पंख्याभोंवतीं पत्र्याचें कडें बसवावें.

तिसरी गोष्ट ब्रेकची. पेट्रोल इंजिन हवा ओढतांना जी पोकळी निर्माण करतें, ती बहुतेक डिझेल इंजिनांत मिळत नाहीं. म्हणून सर्व्हो ब्रेक असल्यास स्वतंत्र व्हॅक्यूम पंप पाहिजेच. चढणाऱ्या इंजिनाची सारे वाखाणणी करतात. पण माणसें सुखरूप खालीं आणतात ते ब्रेक. उतारावर गिअर खालचाच ठेवावा.

इंजिनाचा बदल नोंदणीपुस्तकांत उतरला आहे ना, हेंही पाहावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा येथें संबंध येतो.

शेवटीं, निघण्यापूर्वीं पूर्ण ओझें घालून जवळचा एखादा घाट एकदां चढून उतरावा. तापमापकाचा कांटा, तेलाचे थेंब, सैल झालेले बोल्ट त्या दिवशींच आपली हकीकत सांगतात. ती घराजवळ ऐकलेली बरी. रात्रीं अर्ध्या घाटांत ऐकावी लागली, तर शेजारीं बसलेल्यांना तिची किंमत द्यावी लागते.