तल्लीनता आणि जागरूकता

मन कामात पूर्ण बुडाले की वेळेचे भान सुटते, ‘मी’ मागे पडतो आणि हात न अडखळता चालत राहतो. मानसशास्त्रात या अवस्थेला ‘प्रवाहावस्था’ म्हणतात. मिहाय चिक्सेंटमिहाय (१९३४–२०२१) यांनी तिचा पद्धतशीर अभ्यास केला. १९६०च्या दशकात शिकागोतील चित्रकारांचे निरीक्षण करताना त्यांना दिसले की, तहानभूक विसरून रंगवलेले चित्र पुरे होताच चित्रकाराचा त्यातला रस ओसरतो. ओढ होती ती रंगवण्याची.

ही अवस्था येण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : पुढचे पाऊल स्पष्ट असणे, ते बरोबर पडले की चुकले हे तत्क्षणी कळणे, आणि आव्हान कौशल्याच्या तोडीचे असणे. आव्हान फार मोठे असेल तर धास्ती वाटते, फार लहान असेल तर कंटाळा येतो.

पालघर जिल्ह्यात या अवस्थेचे उत्तम उदाहरण म्हणजे तारपा नाच. सुकवलेला भोपळा आणि बांबू यांपासून केलेला तारपा वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो; एकमेकांच्या कमरेला हात घालून नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. चाल बदलली की पाऊल बदलायचे. चुकले, तर शेजाऱ्याच्या अंगालाच ते कळते. तिन्ही अटी इथे एकत्र येतात, आणि त्याही सगळ्या समूहाला एकाच वेळी लागू होतात. वारली लग्नात भिंतीवर लग्नचौक लिहिणाऱ्या सवाशिणींच्या तांदळाच्या पिठाच्या रेघांतही तीच एकाग्रता आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांनी ही वारली चित्रकला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली.

याच जिल्ह्यातील तारापूरचे काम मात्र वेगळ्या जातीचे आहे. तिथल्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले. देशातील हे पहिले अणुवीज केंद्र. नियंत्रण कक्षातील पाळी चांगली गेली, याचा अर्थ काहीच घडले नाही. आव्हान दिसत नाही, प्रतिसाद तुटपुंजा, आणि तरीही लक्ष ढळून चालत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, घड्याळासारख्या तबकडीवरील क्वचित होणारी काट्याची दुहेरी उडी टिपायची होती. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका स्पष्ट वाढल्या. हा आळस नव्हता. माणसाच्या लक्षाची ती मर्यादा आहे.

म्हणून सर्वोच्च कामगिरी म्हणजे प्रवाहावस्था, हे समीकरण अपुरे आहे. काळाचे भान हरपणे नर्तकाला वरदान ठरते. तेच नियंत्रण कक्षात किंवा बोईसरच्या रासायनिक कारखान्यातील रिअ‍ॅक्टरपाशी धोक्याचे ठरू शकते. एकाच मापकावर खिळलेली नजर दुसऱ्या मापकाचा इशारा हुकवते. इथली उत्कृष्टता लेखी कार्यपद्धतीत, एकमेकांचे काम तपासण्यात, पाळी बदलताना नीट दिलेल्या निरोपात आणि सिम्युलेटरवरच्या सरावात असते. सिम्युलेटरचे महत्त्व विशेष, कारण प्रत्यक्षात क्वचित येणारे आव्हान तिथे वारंवार समोर उभे करता येते.

बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळ्या आखणाऱ्यांनी लक्षाची ही मर्यादा जमेस धरावी : देखरेखीच्या कामात माणसे आलटूनपालटून बसवावीत, मधे विश्रांती द्यावी, आणि थकव्यातून झालेल्या चुकीला केवळ निष्काळजीपणा म्हणून मोकळे होऊ नये.