अंधारातली धाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलावयास दहा मिनिटे दिली आहेत. तेवढ्या वेळात मी एक मैलही धावू शकत नाही, तेव्हा माझ्या वेगाविषयी कोणी गैरसमज करून घेऊ नये!

मी धावले ती नॉर्वेतील ट्रोम्सो या गावी. उत्तर ध्रुववृत्ताच्याही सुमारे ३५० किलोमीटर उत्तरेस, एका बेटावर हे गाव वसले आहे. माझी भाची तेथे शिकावयास असते. नोव्हेंबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य तेथे जानेवारीच्या मध्यापर्यंत तोंड दाखवीत नाही, आणि नेमकी त्याच काळोखात, जानेवारीच्या आरंभी, अर्ध्या मॅरेथॉनची शर्यत असते. अंतर २१ किलोमीटरांहून थोडे अधिक.

अगदीच मिट्ट काळोख असतो असे मात्र नाही. दुपारी बाराच्या सुमारास क्षितिजावर निळसर-गुलाबी उजेड फाकतो, काही वेळ रेंगाळतो आणि सूर्य न येताच विझून जातो. लोकमान्यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेदांतील दीर्घ उषेवरून आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ मानले होते. आजचे अभ्यासक ते मत मानीत नाहीत. पण ती उषा पाहताना मराठी माणसाला लोकमान्य आठवल्यावाचून राहत नाहीत.

माझे वय तेव्हा ५३. हाडे ठिसूळ होऊ लागल्याचे नुकतेच तपासणीत दिसले होते. डॉक्टर म्हणाले, चालणे-पळणे हाडांना चांगलेच, फक्त पडू नका. आणि मी निघाले बर्फावर! घरी सर्वांचा एकच प्रश्न, "पडलीस तर?" प्रश्न रास्त होता. पण त्यापुढे "बायकांना झेपते का एवढे?" अशी पुस्ती जोडली गेली, ती मला मानवेना. पुरुषांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून आहे. बायकांना ती १९८४ साली मिळाली. त्या पहिल्या शर्यतीत दुसरी आलेली ग्रेटे वाइट्झ नॉर्वेचीच, मूळची शाळामास्तरीण. १९७८ साली न्यूयॉर्कला ती आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन धावली आणि जागतिक उच्चांक करून जिंकली. पुढे तीच शर्यत तिने एकूण नऊ वेळा जिंकली. झेपते की नाही, ते तिने केव्हाच सांगून ठेवले आहे.

थंडीचा बाऊ करू नये. अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे तेथला समुद्र गोठत नाही. खरा वैरी म्हणजे वितळून पुन्हा गोठलेला, काचेसारखा बर्फ. भाचीने बजावले, "मावशी, बाकी काही विसर, खिळ्यांचे बूट विसरू नकोस." त्या बुटांच्या तळाला बारीक पोलादी खिळे असतात. अंगाशी लोकरीचा सदरा, सुती नव्हे. सुती कपडा घामाने भिजला की अंग गारठते.

रस्ता समुद्राच्या कडेने विमानतळाकडे जातो आणि परत गावात येतो. लोक दारात उभे राहून "हाया, हाया!" असे ओरडत होते, आपल्या "शाब्बास"सारखे ते. अनोळखी बाईला कोणी इतके प्रेमाने ओरडलेले मी प्रथमच ऐकले.

परतीच्या वाटेवर, दिवे विरळ होते तेथे, आकाशात पिंजलेल्या कापसासारखा पट्टा दिसला. मला ढग वाटला. मग तो हलला, हिरवा झाला, वाऱ्यावरच्या पदरासारखा लहरला. सूर्याकडून येणारे विद्युत्भारित कण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे ध्रुवांकडे वळतात आणि शंभराहून अधिक किलोमीटर उंचीवर प्राणवायूच्या अणूंवर आदळतात. तो हिरवा रंग त्यांचा. हे सारे मी वाचून गेले होते, पण त्या क्षणी काही आठवले नाही. वर पाहत धावणे म्हणजे पडणे, म्हणून सरळ थांबले. दोन मिनिटे गेली. एक नॉर्वेजियन आजीबाई मला मागे टाकून गेल्या, वर न पाहता. त्यांना त्याचे काय अप्रूप!

मी २ तास ५१ मिनिटांत पोचले, न पडता. माझ्यामागेही काही मंडळी होती, हे नमूद करते.

ते बूट मागच्या टेबलावर ठेवले आहेत. अवश्य पाहावेत, घालून मात्र चालू नये, सतरंजी मंडळाची आहे.