पिशवीचे तोंड लाल दिसले म्हणून



आजचा विषय बायकांच्या दुखण्याचा आहे. गुरुजींनी असे बोलावे का, असे कुणाला वाटेल. पण लाजेपायी कधी जीव जातो, कधी घर बुडते. म्हणून आम्ही बोलणार. पुरुषांनीही ऐकावे.

मागे आमचा एक जुना विद्यार्थी दारात आला. हातात डॉक्टरचा कागद. म्हणाला, "गुरुजी, बायकोच्या अंगावरून पांढरं जातं. पिशवीच्या तोंडाला जखम आहे म्हणे. पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल. म्हैस विकायला काढलीय."

बायको ३२ वर्षांची. कागदावर लिहिले होते, 'सर्व्हायकल इरोजन'. आम्ही काही डॉक्टर नव्हे. आम्ही म्हणालो, "बाबा, म्हैस राहू दे. आधी सरकारी दवाखान्यात बाईडॉक्टरांना दाखव."

बाईंनी तपासले. पिशवीच्या तोंडाला सिरक्यासारखे पातळ औषध लावले आणि मिनिटभराने पाहिले. वाईट पेशी असल्या तर तिथे पांढरा डाग उठतो. तसा डाग नव्हता. मग त्यांनी दोघांना समजावले.

आपला ओठ बघा. बाहेरून कोरडा, आतून लाल आणि ओला. ओठ उलटा केला की लाली दिसते. ती जखम आहे का? नाही. पिशवीच्या तोंडाचेही तसेच. आतले मऊ, लाल अस्तर थोडे बाहेर येते. तरुणपणी, गरोदरपणी, पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेताना असे होते. 'इरोजन' म्हणजे झीज. पण झीज काही झालेली नसते. त्याचा कॅन्सर होत नाही. त्रास नसेल तर औषधही लागत नाही.

पिशवी वाचली. म्हैसही वाचली.

मग काळजी केव्हा करावी? हे नीट ध्यानात ठेवा.

नवराबायकोच्या संबंधानंतर रक्त आले,
दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त गेले,
पाळी कायमची गेल्यावर थेंबभरही रक्त दिसले,
घाण वासाचे पाणी जाऊ लागले, ओटीपोट दुखू लागले,
तर वय कितीही असो, दवाखाना गाठा. रक्त आले म्हणजे कॅन्सरच, असे नव्हे. पण तपासल्यावाचून कळत नाही.

त्रास नसला तरी ३० ते ६५ वयाच्या बाईने दर ५ वर्षांनी ही तपासणी करावी, असे सरकारने २०१६ साली सांगितले आहे. हा कॅन्सर एका दिवसात होत नाही, वर्षे लागतात. लवकर सापडला तर बरा होतो.

पिशवी काढणे हा लहान खेळ नव्हे. बरोबर अंडाशयही काढले तर पाळी अकाली जाते, हाडे ठिसूळ होतात. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या फार काढल्या गेल्या, अशी ओरड झाली. २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कधी पिशवी काढावीही लागते. पण का, ते आधी विचारा. दुसऱ्या डॉक्टरलाही दाखवा.

आता तुम्हाला वाचता येते. कागद आला की वाचा. समजले नाही तर विचारा. मगच अंगठ्याऐवजी सही करा.