लाथ आणि मुकादमी



वसंत व्याख्यानमालेत आम्ही हाणामारीच्या बोलपटावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर पुष्कळ झाले. ब्रूस लीचा ‘द बिग बॉस’ त्या शिक्षणातच मोडतो.

हा बोलपट १९७१ चा. हाँगकाँगमध्ये त्याने तिकीटविक्रीचे उच्चांक मोडले. १९७३ मध्ये ली अकाली वारला आणि त्याची कीर्ती आणखीच वाढली. पोरवयात आम्ही तो व्हिडिओवर पाहिला आणि आठवडाभर चाळीच्या जिन्यावर लाथा झाडीत होतो. कथा मात्र कोणाच्याच ध्यानात नव्हती. गेल्या वर्षी पुन्हा पाहिला आणि चकित झालो. अहो, ही तर मजुरांची गोष्ट!

थायलंडमधला बर्फाचा कारखाना. तेथे राबणारे परदेशी चिनी मजूर. बर्फाच्या लादीत दोघांना अमली पदार्थाच्या पुड्या दिसतात. पैसे घेऊन गप्प बसायला ते नाकारतात, आणि नाहीसे होतात. जाब विचारायला गेलेलाही परतत नाही. मजूर काम बंद करतात. गुंड चालून येतात. आईला दिलेल्या शब्दापायी आजवर हात न उगारलेला नायक त्यांना लोळवतो.

पोरपणी आम्हाला वाटे, येथे मजूर जिंकले. आज वाटते, येथेच ते हरले. कारण व्यवस्थापक आता नायकाशी लढत नाही, त्याला मुकादम करतो. मेजवानी देतो, दारू पाजतो. मजूर आधी आनंदतात, मग तोंड फिरवतात. “आमची माणसे कुठे आहेत?” हा सर्वांचा प्रश्न एकाच्या बढतीत बुडतो.

हे आम्ही पडद्याबाहेरही पाहिले आहे. एका कारखान्यात यंत्रात बोटे गेलेल्या सोबत्याच्या भरपाईसाठी काम थांबले होते. तिसऱ्या दिवशी आम्हाला मुकादमी देऊ केली गेली. आम्ही ती घेतली. अकरा महिने केली. तो सोबती आमच्याशी बोलेनासा झाला, तेव्हा सोडली. भरपाई त्याला उशिरा आणि अपुरी मिळाली.

बोलपटात शेवटी नायक मालकाला ठार करतो. पण तोवर घरची बहुतेक माणसे मारली गेलेली असतात, आणि त्याला पोलीस घेऊन जातात. टाळ्या आम्ही यंदाही वाजवल्या. लाथ उत्तमच आहे! पण मजुरांना हवा होता तो प्रश्न न सोडणारा संघ. तो त्या कारखान्यात नव्हता. आमच्यात आहे काय, हे प्रत्येकाने घरी जाऊन स्वतःला विचारावे, एवढीच विनंती.