जोश एका दिवसाचा, यादी वर्षभराची



दोस्तांनो, बहिणींनो, निवडणूक आली की भंडारा जिल्ह्यात फिरताना मला दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. बाहेरचे म्हणतात, "मुसलमान तर एकगठ्ठा मतदान करतात." घरचे म्हणतात, "आपण आहोतच किती? आपल्या मतानं काय फरक पडतो?" आज ही दोन्ही वाक्यं तपासून पाहू.

पहिलं वाक्य. निवडणूक आयोग मतदानाची टक्केवारी पुरुष, महिला आणि तृतीयपंथी अशी देतो. धर्मानुसार देत नाही, कारण मतदार यादीत धर्माचा रकानाच नाही. तेव्हा "मुस्लिमांचं इतके टक्के मतदान झालं" असं कोणी ठामपणे सांगितलं, तर तो अंदाज समजा. खात्रीचा आकडा मतदारसंघाचा असतो. 2024 च्या लोकसभेला भंडारा-गोंदियात सुमारे 67 टक्के मतदान झालं, दक्षिण मुंबईत जेमतेम 50 टक्के. म्हणजे उन्हातान्हात धानाच्या बांधावर राबणारा आपला माणूस मुंबईकरापेक्षा जास्त संख्येनं केंद्रावर जातो. यात आपण सगळेच आलो.

आता दुसरं वाक्य. जिल्ह्यात आपण शंभरात दोन-तीन, हे खरं. पण नोव्हेंबर 2024 मध्ये साकोली विधानसभेचा निकाल किती मतांनी लागला? फक्त 208. दोन लाखांहून अधिक मतं पडली आणि फैसला 208 मतांवर झाला. कोण जिंकलं, कोण हरलं, हा आजचा विषय नाही. पन्नास-साठ घरांचा एक मोहल्ला डोळ्यांसमोर आणा आणि हिशोब करा. त्याच निवडणुकीत मालेगाव मध्यचा निकाल 162 मतांनी लागला. तिथं आपण बहुसंख्य आहोत, इथं मूठभर. मताची किंमत दोन्हीकडे सारखीच निघाली.

या जिल्ह्याला मताची किंमत जुनी ठाऊक आहे. 1954 च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा, प्रत्येक मतदाराला दोन मतं. दुसरं मत वाया घालवा म्हणजे बाबासाहेबांचा फायदा होईल, असं काही कार्यकर्त्यांनी सुचवलं आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं, असं सांगितलं जातं. ते ती निवडणूक हरले. पण मत जाळायचं नसतं, हा धडा भंडाऱ्याच्या मातीत राहिला.

आणि 2018 आठवा. 28 मे, लोकसभेची पोटनिवडणूक. विदर्भाचं ऊन, त्यात रमजानचे रोजे. यंत्रं बिघडली, आणि 30 मे रोजी 49 केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. रोजा ठेवून रांगेत उभं राहायला जोश लागतो, आणि तो आपल्याकडे आहे.

मग मतं जातात कुठं? माझा अनुभव सांगतो. यादी घेऊन घरोघरी गेलं की कळतं: मुलगी लग्न होऊन गोंदियाला गेली, नाव मात्र तुमसरच्या माहेरी. मुलगा कामाला नागपूर-पुण्यात, मतदानाला येणं जमत नाही, नाव तिकडे हलवलेलं नाही. आधारवर "शेख", यादीत भलतंच काही. एकोणीस वर्षांच्या पोरानं अर्जच भरलेला नाही. हे लोक नाराज नाहीत, आळशीही नाहीत. मतदानाच्या सकाळी त्यांच्या हाती काहीच उरलेलं नसतं.

बिहारमध्ये 2025 च्या विशेष सखोल पुनरीक्षणात सुमारे 65 लाख नावं प्रारूप यादीत आली नाहीत. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. यादीकडे लक्ष ठेवणं ही आपलीच जबाबदारी आहे, एवढंच म्हणतो.

काम सोपं आहे. नवीन नावासाठी नमुना 6, पत्ता बदल किंवा दुरुस्तीसाठी नमुना 8. अठरा वर्षं पूर्ण धरायच्या आता वर्षात चार तारखा आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो. अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरा किंवा आपल्या बीएलओला गाठा.

तुमच्यापैकी प्रत्येकानं दहा घरं घ्यावीत. शेजारचं घर बौद्ध असो, हिंदू असो, तेही त्यात धरा. मत कोणाला द्यायचं, ते विचारू नका, सांगूही नका. फक्त नाव आहे ना, एवढं बघा. सुरुवात आपल्या अम्मी-आपापासून, आज घरी गेल्यावरच.

जय हिंद.