पाल : कुणाची नावडती, कुणाची लाडकी



आज एका नावडत्या प्राण्याविषयी चार शब्द सांगणार आहे. 'पाल' असं नुसतं म्हटलं तरी आपल्याकडे निम्म्या माणसांच्या अंगावर काटा येतो. मनात संशय आला, की आपण म्हणतो, 'शंकेची पाल चुकचुकली.' पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं. पाल अंगाच्या कोणत्या भागावर पडली म्हणजे काय फळ मिळतं, ते त्यात दिलेलं असतं. पाल पडलेलं दूध पोटात गेलं तर माणूस वाचत नाही, ही समजूत तर घरोघर आहे. त्यामुळं दिसली पाल, की उचल केरसुणी!

आणि याच जगात पाल हौसेनं पाळणारी माणसंही आहेत. युरोप-अमेरिकेत हजारो घरांत काचेच्या पेटीत वाळू, दगड, झाडाची साल मांडून पाल ठेवलेली असते. तिला नाव दिलेलं असतं, वेळच्या वेळी खाऊपिऊ घातलेलं असतं. तुम्ही म्हणाल, पोट भरलं की माणसाला असली खुळं सुचतात. असेलही. पण त्या लोकांना तिच्यात आवडण्यासारखं काय दिसलं, ते एकदा पाहू या. हसायचं की नाही ते मग ठरवू.

या कुळाला इंग्रजीत 'गेको' म्हणतात. हा शब्द मलाय भाषेतून आला आणि तो तिच्या ओरडण्यावरूनच पडला. आपण चिमणीला चिऊ म्हणतो ना, तसंच. जगात या कुळाच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. पाळणाऱ्यांच्या लाडक्या त्यांतल्या थोड्याच. त्यांतल्या तिघींची ओळख करून देतो.

पहिली लेपर्ड गेको. लेपर्ड म्हणजे बिबट्या. पिवळसर अंगावर काळे ठिपके, म्हणून हे नाव. ही मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ रानातली. १८५४ साली एडवर्ड ब्लाइथ या शास्त्रज्ञानं तिला शास्त्रीय नाव दिलं. तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात कामाला होता. म्हणजे आज परदेशात मिरवणारी ही पाल आपल्याच शेजारची आहे!

हिच्यात आवडण्यासारखं काय? एक तर हिला पापण्या आहेत. आपल्या घरातल्या पालीला पापणी नसते. ती डोळे मिटत नाही, जिभेनं चाटून साफ करते. लेपर्ड गेको मात्र डोळे मिटते, उघडते, झोपाळू मुलासारखी पाहते. पापणी लवली, की माणसाला प्राण्याचा चेहरा ओळखीचा वाटू लागतो. दुसरं, हिच्या बोटांना चिकटण्याची गादी नाही. नुसत्या नख्या आहेत. त्यामुळं ती काचेवर चढत नाही, जमिनीवरूनच सावकाश चालते. आणि तिसरं म्हणजे तिची जाड शेपटी. शेतकरी कणगीत धान्य साठवतो, तशी ही शेपटीत चरबी साठवते. खायला मिळालं नाही तर त्या पुंजीवर दिवस काढते. शेपटी गुबगुबीत असली की पाळणारा समजतो, जनावर खाऊनपिऊन सुखी आहे. नीट सांभाळली तर ही पंधरा-वीस वर्षं जगते. बैलाच्या आयुष्याशी ताडून पाहा म्हणजे कळेल.

हिची आणखी एक गंमत. अंड्यातून नर येणार की मादी, ते उबेवर ठरतं. सुमारे २६ अंश उष्णता असली तर बहुतेक माद्या निघतात आणि ३२-३३ अंशांच्या आसपास बहुतेक नर.

दुसरी क्रेस्टेड गेको, म्हणजे तुरेवाली. हिचं माहेर पॅसिफिक महासागरातलं न्यू कॅलेडोनिया हे बेट. डोळ्यांवर काटेरी झालर असते, ती थेट पापणीच्या केसांसारखी दिसते. १८६६ साली हिची शास्त्रीय नोंद झाली. पुढं ती कुणाला दिसेना, तेव्हा ही जात नामशेष झाली असं लोकांनी धरलं. आणि १९९४ साली ती त्याच बेटांच्या रानात पुन्हा सापडली! तेव्हापासून काही थोड्या जोड्यांची वीण वाढत जाऊन आज ती जगभर पाळली जाते. ही किड्यांबरोबर पिकलेल्या फळांचा गरही चाटून खाते आणि तिला फार उष्णताही लागत नाही. त्यामुळं पाळणाऱ्याचा त्रास कमी. पण एक सांगून ठेवतो. हिची शेपटी एकदा तुटली, की पुन्हा येत नाही. बहुतेक पालींना येते, हिला नाही.

तिसरी टोके गेको. निळसर राखाडी अंग, त्यावर नारिंगी-तांबडे ठिपके आणि लांबी चांगली वीतभराहून अधिक. रात्री 'टो-के, टो-के' अशी मोठ्यानं हाक देते, म्हणून हे नाव. ही आपल्या ईशान्य भारतात, बंगालमध्ये आणि पुढं थेट इंडोनेशिया, फिलिपाइन्सपर्यंत आढळते. बंगाली लोक हिला 'तक्षक' म्हणतात. परीक्षित राजाला डसला तो तक्षक तुम्हाला आठवेलच. नावातच केवढी भीती! पण हिला विष मुळीच नाही. चावते मात्र कडकडून, आणि धरलं की सोडत नाही. तरीही पाळणाऱ्यांना ही आवडते, ती रूपासाठी आणि आवाजासाठी.

आता या तिघींच्या गुणांकडं एकदा पाहा. पाल भुंकत नाही, अंगणभर जागा मागत नाही. रोज खायला घातलंच पाहिजे असंही नाही. दिवसा झोपते आणि माणूस कामावरून परत येतो तेव्हा जागी होते. ती आपल्या अंगावर खेळणार नाही, बोलावलं तर येणार नाही. तिला फक्त पाहायचं. आणि तिला पाहणं हाच तर तिचा खरा आनंद आहे.

मंडळी, माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. जे पाहण्यासाठी परदेशात लोक पैसे मोजतात, त्यातलं बरंचसं आपल्या भिंतीवर फुकट आहे. उलट एक गोष्ट तर लेपर्ड गेकोपाशीही नाही, ती आपल्या घरपालीपाशी आहे. ती म्हणजे तिचे पाय. गुळगुळीत भिंतीवर, छताला उलटं लटकून ती धावते कशी? पुष्कळांना वाटतं, तिच्या पायाला डिंक असतो, नाही तर जळवेसारखी चूषकं असतात. दोन्ही खोटं. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत टोके गेकोच्या पायाचा अभ्यास केला. एका पायाच्या तळव्याला जवळजवळ पाच लाख सूक्ष्म केस असतात. एकेक केस केवढा, तर आपल्या डोक्यावरच्या केसाची जेवढी जाडी, जेमतेम तेवढा लांब. त्याच्या टोकाला पुन्हा शेकडो फाटे. २००० साली त्यांनी एका केसाची ताकद मोजली आणि २००२ साली दाखवून दिलं, की हे फाटे भिंतीच्या इतके जवळ जातात, की दोन पदार्थांच्या कणांमधलं नैसर्गिक आकर्षणच पालीला धरून ठेवतं. डिंक नाही, ओल नाही, काही नाही. आणि सुटायचं कसं? बोटांची टोकं वर गुंडाळायची, की पाय अलगद निघतो. चिकटपट्टी एका कडेनं उचलावी तसा. कंदिलाच्या उजेडात किडा टिपायला धावणारी पाल हे काम क्षणोक्षणी करत असते.

तुटकी शेपटीही अशीच. शत्रूनं धरलं, की पाल शेपटी टाकून देते. ती शेपटी तिथं वळवळत राहते, मांजर तिच्याकडं बघत बसतं, आणि धनीण पसार! पुढं नवी शेपटी फुटते. पण तिच्यात पहिल्यासारखे मणके नसतात, कूर्चेचा एक दांडाच असतो. म्हणून नव्या शेपटीचा रंग आणि घाट वेगळा दिसतो. नीट पाहिलंत तर घरातली कोणती पाल संकटातून वाचलेली आहे, ते तुम्हाला सांगता येईल.

मग तिचं विष? एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आपल्या घरातलीच काय, जगातली कोणतीही गेको विषारी नाही. पाल पडलेलं अन्न खाल्लं तर त्रास होऊ शकतो, हे खरं. पण तो विषानं नव्हे, जंतूंनी. पालीच्या विष्ठेत, तिच्या कातडीवर पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. म्हणून अन्न झाकून ठेवावं. पडलीच पाल, तर ते अन्न टाकून द्यावं. कुणाला उलट्या-जुलाब झाले तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. पालीला हात लावला तर साबणानं धुवावा. एवढी काळजी पुरे. त्यासाठी भिंतीवरची प्रत्येक पाल मारायचं कारण नाही. ती रात्रभर डास, पतंग, झुरळाची पिल्लं टिपत असते आणि मजुरी काही मागत नाही.

भीतीनं पालीचा जीव जातो, तसा लोभानंही जातो. टोके गेकोची गोष्ट ऐका. तिची वाळवलेली शरीरं चीनकडच्या जुन्या औषधांत वापरतात. २०१० च्या सुमाराला अशी अफवा उठली, की तिच्यापासून एड्ससारखे रोग बरे होतात. त्याला शास्त्राचा कसलाही आधार नव्हता. फिलिपाइन्सच्या सरकारनं २०११ साली लोकांना तसं बजावलंही. पण एका पालीला लाखो रुपये मिळतात, ही वार्ता आपल्या ईशान्येकडच्या खेड्यापाड्यांत पोचली होती. माणसं रात्र रात्र बॅटऱ्या घेऊन रानं धुंडाळू लागली. लाख मिळाले कुणाला ते देव जाणे. पाली मात्र गेल्या, आणि कित्येकांना तुरुंगाची वाट दिसली. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला पकडणं, विकणं हा गुन्हा आहे. २०१९ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आले.

म्हणून पाल आवडली तरी रानातून उचलून आणू नका, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. आणि हे आपल्याला लागू आहे बरं का. लेपर्ड गेकोची चुलत बहीण महाराष्ट्राच्या आणि गुजरातच्या रानात राहते. पावसाळ्यात रात्री ती बाहेर पडते. तिच्या पिलांच्या अंगावर काळे-पिवळे पट्टे असतात. ते बघूनच लोक तिला भयंकर विषारी ठरवतात आणि दगडानं ठेचतात. सातपुड्यात तिची आणखी एक जात आहे. तिची शास्त्रीय नोंद झाली ती २०१४ साली. साताऱ्याच्या पठारावरच्या पालीला वरद गिरी आणि आरन बाउअर या शास्त्रज्ञांनी २००८ साली 'साताराएन्सिस' असं नाव दिलं. पुढल्याच वर्षी कोल्हापूरच्या नावाचीही एक पाल शास्त्रात दाखल झाली. ज्या डोंगरात आपली गुरं चरतात, तिथली पाल जगाला आत्ता आत्ता कळते आहे. न कळताच ठेचल्या गेल्या त्या किती?

गुरुजनहो, आपल्याला एक विनंती. मुलांना एक सोपा अभ्यास द्या. घरातल्या दिव्याजवळ येणारी पाल रोज रात्री अर्धा तास, आठ दिवस पाहायची. ती किती वाजता येते, किती किडे टिपते, दुसरी पाल आली तर काय करते, चुकचुकते केव्हा, हे वहीत लिहायचं. खिडकीला काच असेल तर पलीकडून तिच्या बोटांखालच्या पट्ट्या दिसतात, त्यांचं चित्र काढायचं. तसबिरीमागं दोन पांढरी, टणक अंडी सापडली तर हात न लावता पिल्लू बाहेर पडेपर्यंत दिवस मोजायचे. पकडायचं नाही, शेपटी ओढायची नाही. एवढं केल्यावर त्या मुलांतलं एखादं तरी घरी जाऊन आजीला सांगेल, 'आजी, मारू नको गं, ती आपली भिंत राखते.'

काचेची पेटी आपल्याला परवडणार नाही, आणि तिची गरजही नाही. आपलं घर हीच तिची पेटी. तिला लाडकी म्हणा असा माझा आग्रह नाही. पण आज रात्री दिव्याजवळ ती आली, तर केरसुणीकडं हात नेण्याआधी घटकाभर तिच्या पायांकडं पाहा.